लांब बाह्यांचा हंगाम

कारखान्याचं धुराडं पेटलं की आमच्या श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात दोन गोष्टी एकदम येतात. एक मळीचा आंबूस गोड वास आणि दुसरी रस्त्यावरची कोंडी. उसाच्या जोडट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर छाती दणाणेल अशी गाणी लावून जातात, ट्रॉलीबाहेर आलेली उसाच्या शेंड्यांची वाढी माझ्या दुकानाच्या पाटीला घासून जातात, आणि पाचटाचा भुगा उडत उडत मशीनच्या पायट्यापर्यंत येतो. सकाळी दुकान उघडलं की आधी झाडू, मग देवाला उदबत्ती, मग कात्री. थंडी अशी पडलेली असते की लोखंडी कात्री हातात धरवत नाही. तीसेक वर्षं लेडीज टेलर म्हणून या दुकानात बसतेय, हंगाम आला हे मला त्या कात्रीच्या गारठ्यावरून कळतं.

यंदाही तो आला. आणि परवा दुपारी माझ्या मुलीनं, मृणालनं, मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. म्हणाली, आई, रत्ना बघ.

बघितलं. फोटोत इंडोनेशियातलं बांडुंग नावाचं शहर, त्यातलं एक कॉफीचं दुकान. गिलावा न केलेल्या विटांच्या भिंती, वर तारांना लोंबकळणारे पिवळे बल्ब आणि त्याखाली रत्ना आणि तिची मित्रमंडळी. प्रत्येकापुढं बर्फ घातलेल्या कॉफीचा ग्लास. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. जो तो आपल्या मोबाईलमध्ये, आणि एक पोरगा या सगळ्या न बोलणाऱ्यांचा व्हिडिओ काढत होता. ही मंडळी करतायत काय, असं मी विचारलं. मृणाल म्हणाली, काही नाही, नुसते बसलेत, त्यांच्याकडं याला नोंगक्रोंग म्हणतात. काही न करण्यासाठी त्या लोकांनी एक खास शब्द ठेवलाय आणि तरणीताठी पोरं तो अभिमानानं सांगतात. आमचे हे कारखान्यातून पाळी संपवून नुकतेच आले होते. ते म्हणाले, आमी बी पारावर बसतोच की. मी म्हटलं, त्याचंही मला कधी कौतुक नव्हतं.

दोन हंगामांमागं ही रत्ना आमच्या वरच्या खोलीत राहायला होती. उसाला लागणाऱ्या पाण्याचा काहीतरी अभ्यास करायला ती विद्यापीठात आली होती आणि आमच्या भागातल्या शेतांवर हिंडायला मृणाल तिच्या जोडीला होती. नाव ऐकून मी आपली इकडचीच कुणी समजले. दारात उभी राहिली ती गोल चेहऱ्याची, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली मुसलमान घरातली मुलगी. शेजारणीनं तर तोंडावर विचारलं, मुसलमान आणि रत्ना कशी? तिकडं म्हणे अशीच नावं असतात, हिच्या भावाचं नाव बायू आणि मैत्रिणीचं देवी. आल्या दिवसापासून ती मला 'इबू' म्हणायला लागली. आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला त्यांच्यात इबू म्हणतात. तिचं हिंदी माझ्याएवढंच मोडकं, त्यामुळं आमचं बरं जमलं. नमाज वेळेवर, बोलणं हळू, आणि ठेचा आमच्यापेक्षा जास्त खायची. तिच्याशी माझं भांडण नव्हतं. ती जे सोबत घेऊन आली होती आणि आमच्या पोरांनी ते ज्या आनंदानं डोक्यावर घेतलं, ते बघून माझं डोकं फिरायचं.

पहिलं म्हणजे कपडे. माप घेतलं तर या पिढीला अपमान केल्यासारखं वाटतं. रत्नाचा शर्ट असा, की आत अजून एक रत्ना मावावी. खांदा कोपराजवळ, खिसा पोटावर, कॉलर पाठीवर. माझं आयुष्य गेलं अर्धा इंच इकडे की तिकडे, यात. एखाद्या बाईचा एक खांदा उतरता असतो, शिलाईची टीप जरा वर गेली तर छातीखाली चुणी पडते, हे नुसतं बघून ओळखायला मला वर्षं लागली. आणि या पोरी पोत्यात शिरतात आणि त्याला फॅशन म्हणतात. बरं, पोतं तरी नवं असावं. तेही कुणीतरी परदेशात वापरून टाकलेलं. रत्नाच्या गावाला म्हणे असे गठ्ठेच्या गठ्ठे जहाजानं येतात, बाजारात गठ्ठा फुटला की पोरं तुटून पडतात, आणि कॉलर जितकी विरलेली तितका भाव जास्त. ही माहिती तिनं मला अशा थाटात दिली की जणू पैठणीचा इतिहास सांगतेय.

मृणालला ते ऐकून भरतंच आलं. आमच्याकडं बोहारीण येते. ती जुने कपडे घेते आणि पातेलं नाहीतर डबा देते, आणि बायका दोन साड्यांत मोठं पातेलं मिळावं म्हणून तिच्याशी तासभर हुज्जत घालतात. माझ्या लेकीनं सगळं उलटं केलं. घरातला झाकणाचा चांगला डबा तिला दिला आणि तिच्या बोचक्यातला कुणाच्यातरी नवऱ्याचा ढगळा शर्ट घेतला. बोहारीण माझ्याकडं बघत राहिली. पोरीचं डोकं ठिकाणावर आहे का, असं तिला विचारायचं होतं, पण मी डबा परत मागेन या भीतीनं ती लगबगीनं निघून गेली.

मग कॉफी. श्रीरामपूरला स्टेशनच्या रस्त्याला पूर्वी खताचं दुकान होतं, तिथं आता पोरांच्या बसण्याची जागा झालीय. त्या दुकानाच्या भिंतींना चांगला गिलावा होता, तो पैसे मोजून खरवडून काढला आणि आतल्या विटा उघड्या पाडल्या. बांडुंगच्या फोटोत जी भिंत, तीच इथं. एवढा समुद्र ओलांडून यायचं तर निदान एखादी बरी गोष्ट तरी यावी. रत्नाच्या देशात म्हणे ताडाच्या गुळाचा पाक घातलेल्या गार कॉफीवर सगळी तरुण पिढी जगते. इथं ताडाचा गूळ कुठला, म्हणून तिनं त्या दुकानातल्या पोराला काकवी घालायला शिकवली. आमच्याकडं काकवी भाकरीशी खातात. तिच्यावर बर्फ, दूध, कॉफी आणि वर प्लॅस्टिकची नळी. ऐन थंडीत! आणि ग्लास समोर आला की पीत कुणीच नाही. आधी फोटो. ग्लास उजेडात सरकवायचा, मग सावलीत सरकवायचा, मग कुणाचातरी हात मध्ये आणायचा. तोवर काकवी तळाशी जाऊन बसते आणि बर्फाचं पाणी होतं. एकदा मलाही नेलं होतं. मी ग्लास आला तसा पिऊन टाकला तर दोघी माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू मी लग्नात अक्षता पडायच्या आधी जेवायला बसले.

थकवा हाही त्यांचा मोठा उद्योग. रत्ना आणि तिच्या मैत्रिणी सहलीला सहल म्हणत नाहीत, हीलिंग म्हणतात. म्हणजे मनाला झालेल्या जखमा बऱ्या करणं. जखमा कसल्या, तर आठवडाभर खुर्चीत बसल्याच्या. मृणालची टोळी मग हिवरे बाजारला हीलिंग करायला गेली. त्या गावानं वर्षानुवर्षं डोंगरावर चर खणून पाणी अडवलं, झाडं जगवली. ही मंडळी बांधावर बसली, पाण्याकडं पाठ केली, फोटो काढले आणि आली. काय बघितलंत, असं विचारलं तर म्हणे, खूप शांत वाटलं. कशामुळं शांत वाटलं, हे सांगायला एकालाही जमलं नाही.

आणि तोंडाला लावायचे ते थर. एक पाण्यासारखा, एक चिकट, एक दुधासारखा, मग उन्हाचा, मग उन्हाच्या थरावरचा. तिकडची पोरंसुद्धा लावतात म्हणे. रत्नाची पिशवी बघून मला वाटलं हिनं छोटं औषधांचं दुकान आणलंय. त्यातही एक प्रकार मी जन्मात पाहिला नव्हता. आमच्या काळी मुरूम आला की पोरी पदरानं, ओढणीनं झाकायच्या. ही मुरमावर चांदणीच्या आकाराचं पिवळंधमक ठिगळ चिकटवायची आणि तसंच शेतावर, बाजारात, बँकेत जायची. मृणालनंही लगेच हनुवटीवर गुलाबी चांदणी लावली. मी विचारलं, झाकायचंय की दाखवायचंय, एक काय ते ठरवा. रत्ना हसली आणि म्हणाली, दोन्ही, इबू.

पण माझा पारा खरा चढला तो शर्टावरून. गावाबाहेर कालव्याकडेला ऊसतोडीच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडतात. पाथर्डी, शेवगावकडची, कुणी बीडची माणसं, नवराबायको जोडीनं कोयता चालवतात. या बाया साडीवर गड्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, कारण उसाचं पान करवतीसारखं असतं आणि उघडा हात मिळाला की चिरत जातं. मृणाल आणि रत्नानं त्यांना उसाच्या फडाच्या कडेला पाहिलं आणि दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, काय लूक आहे! लूक. घरी येऊन मृणालनं माझी साडी नेसली, वर बोहारणीकडचा तो शर्ट चढवला, पायात कॅनव्हासचे बूट घातले आणि दुकानासमोर उभी राहून रत्नाकडून रील काढून घेतला. रत्ना सांगत होती की तिच्याकडंही तरुण पोरी आता आजीच्या नेसणीचं बाटिकचं कापड गुंडाळून खाली बूट घालून हिंडतात, फार जोरात आहे ते. नेमकी त्याच वेळी तोडीवरची एक बाई माझ्याकडं शर्टाचं बटण लावून घ्यायला आली होती. तिनं या दोघींना वर-खाली न्याहाळलं आणि मला हळूच विचारलं, "ह्यांना बी उद्या फडात यायचंय का?" मी खाली मान घालून बटण लावत राहिले.

आता त्या कपाटाचं सांगते. दुकानात माझ्या पाठीमागं एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात न नेलेले कपडे आहेत. हे प्रत्येक टेलरकडं असतात. कुणी शिवायला टाकून गाव सोडलं, कुणाचं बाळंतपणात माप बदललं, कुणी वारलं. शिवलेला कपडा ज्याच्या मापाचा त्याचा, तो दुसऱ्याच्या अंगावर जाता कामा नये, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. हा नियम मोडणाऱ्या टेलरकडं बाया पुन्हा पाऊल ठेवत नाहीत. त्या कपाटात सगळ्यात खाली, जुन्या चादरीत गुंडाळलेला, सुनंदाचा ब्लाऊज होता.

सुनंदा आमच्याच आळीतली. आता अंगणवाडी चालवते. वीसेक वर्षांमागं, विशीतली असताना, तिचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला, श्रीरामपूरला बस्ता बांधला, दोन्हीकडची माणसं टेम्पो भरून कापडदुकानात गेली आणि हिरव्या जरीवर पोपट विणलेलं ब्लाऊजचं कापड सगळ्यांनी हाताळून पसंत केलं. ते घेऊन ती माझ्याकडं आली, पडदा ओढला आणि म्हणाली, बाह्या मनगटापर्यंत हव्यात. तेव्हा दंडापर्यंतच्या बाह्यांची पद्धत होती. मी टेप खांद्याला लावला, तिनं अंगातली बाही वर केली, आणि मला कोपरावरचा तळहाताएवढा पांढरा डाग दिसला. कोड. ती बोलली नाही, मीही बोलले नाही. मनगटापर्यंतचं माप घेतलं आणि दोन दिवसांत तो ब्लाऊज शिवून ठेवला. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम असेल ते.

ब्लाऊज न्यायला कुणी आलं नाही. लग्न मोडलं होतं. नवऱ्याकडच्यांना डाग कळला होता आणि आठवड्यात गावालाही कळला. तिच्या घरच्यांशिवाय तो हात पाहिला होता फक्त मी. तिची आई माझ्या पायरीवर आली, तो ब्लाऊज जाळून टाक म्हणाली, आणि जाताना असं काही बघितलं की मला समजायचं ते समजलं. तेव्हापासून सुनंदा रोज दुकानावरून अंगणवाडीत जायची, उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांत, आणि माझं दुकान आलं की मान पलीकडं वळवायची. ब्लाऊज दुसरीकडं शिवून घ्यायची. त्या ब्लाऊजांचा खांदा कायम उतरलेला असायचा, मला इथून दिसायचा. मी कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं, पण न बोलल्याचा पुरावा कुठून आणायचा? तो ब्लाऊज मी जाळला नाही, कुणाला दाखवलाही नाही. तिनं एकदा माझ्याकडं बघावं एवढंच मला हवं होतं, आणि इतक्या वर्षांत ते झालं नव्हतं.

त्या दिवशी मी अस्तर आणि धागे आणायला श्रीरामपूरला गेले होते. मागं मृणालनं कपाट उघडलं. न नेलेल्या कपड्यांचं कपाट म्हणजे या दोघींना खजिनाच. रत्नानं एकेक ब्लाऊज हातात घेतला आणि बाजूला ठेवला, कारण तिला हात झाकणारंच लागतं. पूर्ण बाह्यांचा त्या कपाटात एकच होता. तिनं आत पातळ लांब शर्ट घातला, वर सुनंदाचा ब्लाऊज, खाली घरून आणलेलं बाटिकचं कापड, पायात पांढरे बूट, गालावर चांदणी. रस्त्यावर थांबलेल्या उसाच्या ट्रॉलीसमोर उभी राहून तिनं दोन गिरक्या घेतल्या. मृणालनं त्यावर एक रडकं गाणं लावलं आणि खाली लिहिलं, 'कुणीतरी न नेलेलं स्वप्न'. स्वप्न! हिनं ते स्वप्न कुणाचं, एवढं तरी विचारायचं होतं.

संध्याकाळपर्यंत रील गावभर झाला. बस्त्याला गेलेल्या बाया अजून आहेत, आणि असल्या गोष्टी त्या विसरत नाहीत. एकीनं दुकानात येऊन मोबाईल काउंटरवर आपटला आणि विचारलं, "हा सुनंदाचा न्हाई का, पोपटाचा?" तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. तुमच्याकडं कपडे टाकायचे का नाही आता, असं एकीनं ऐकवलं. आणि मग आवाज खाली आणून तोच जुना विषय, डाग, साखरपुडा, बिचारी. मोबाईलनं पोरं बिघडली म्हणून रोज गळा काढणाऱ्या या बाया तो रील पुन्हा पुन्हा लावून बघत होत्या. आमच्या वयाच्या माणसांबद्दल मला जो काही आदर उरला होता तो त्या संध्याकाळी गेला.

मृणालला मी सगळं सांगितलं. आधी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं नव्हतंच. ती रडली, तिनं रील काढून टाकला, पण तो जायचा तिथं जाऊन पोचला होता. रत्नाला मृणालनं इंग्रजीत समजावलं.  मग रत्नानं तो ब्लाऊज हातानं धुतला, सावलीत वाळवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलावर इस्त्री करायला घेतला. तिला वाटत होतं की धुऊन, घडी घालून परत ठेवला की झालं. असल्या भाबडेपणाला मी आणखी काय बोलणार?

इस्त्री चालू असताना सुनंदा दुकानात आली.

अंगणवाडी सुटल्यावर तशीच आली असावी, खांद्याला पिशवी होती. रत्नाचा हात थांबला. मृणाल भिंतीला चिकटली. सुनंदानं कुणाकडं बघितलं नाही. म्हणाली, "वहिनी, तो बलाऊज बगू."

मी दिला. तिनं तो दोन्ही बाह्यांना धरून समोर केला, पोपटांवरून अंगठा फिरवला, आतली शिलाई उलटून बघितली. एक वाक्य मी इतकी वर्षं तोंडात धरून बसले होते. ते बाहेर पडलं. "सुनंदा, मी कुणाला काही बोलले नव्हते गं."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मीच सांगितलं हुतं त्याला. फसवून कशाला नांदायला जायचं?"

 म्हणजे या बाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग इतकी वर्षं माझ्या दारावरून मान वळवून का गेलीस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता, मला राग आला होता आणि तो लपवायचा मला कंटाळा आला होता.

"तुमाला म्हाईत हुतं ना," ती म्हणाली. "ज्याला म्हाईत असतं त्याच्याकडं बगवत न्हाई."

मग तिची नजर रत्नावर गेली. रत्नाच्या गालावर ती पिवळी चांदणी होती. हे काय, असं सुनंदानं विचारलं. मृणालनं चाचरत सांगितलं की मुरमावर लावतात. मुरूम दिसू नये म्हणून? हो. मग एवढी पिवळी कशाला?  सुनंदा त्या चांदणीकडं बघत राहिली, एखादं पोर पाटीवर चुकीचं अक्षर काढून हसत उभं असतं तेव्हा बघतात तसं. मग ब्लाऊज माझ्यापुढं टेबलावर ठेवला.

"वहिनी, ह्याच्या बाह्या कापा."

"किती?"

"दंडापातूर."

मृणालचा हात मोबाईलकडं गेला. मी मोबाईल काढून घेतला आणि चिंध्यांच्या टोपलीत टाकला. मग पडदा ओढला. सुनंदानं आपण होऊन बाही वर केली. डाग आता कोपराखाली बराच उतरला होता, दुसऱ्या हातावरही आला होता. मी टेप लावला आणि माप घेतलं. अंगानं ती भरली होती, पण बाजूंना मी माया, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, भरपूर सोडली होती. तेव्हा सगळेच सोडायचे, बाईचं अंग आहे, पुढं भरेल म्हणून. दोन्ही बाजू उसवून पुन्हा शिवल्या. बाह्यांवर खडूची रेघ मारली आणि कात्री घातली. जरी जाड होती, कात्री गार होती, पण रेघ सोडली नाही. तिनं तो ब्लाऊज तिथंच घातला. खांदा बरोबर बसला. अंगातून काढलेला ब्लाऊज पिशवीत टाकला आणि भर दुपारी, बाजाराच्या दिवशी, पेठेतून चालत घरी गेली. ज्या बाया आदल्या दिवशी माझ्या काउंटरवर मोबाईल आपटत होत्या, त्यांतल्या दोघी समोरच्या दुकानात होत्या. त्यांना भाजीचा भाव विचारायचंही सुचलं नाही.

आता कुणीतरी म्हणणार, बघा, शेवटी या पोरींच्या थेरांमुळंच सुनंदाचं बरं झालं. मृणाल तर म्हणतेच. मी म्हणणार नाही. आंधळेपणानं भिरकावलेला दगड कैरीला लागला म्हणून फेकणाऱ्याचा नेम चांगला होत नाही. सुनंदानं जे केलं ते सुनंदानं केलं, आणि तिनं ते पहिल्यांदा केलं होतं तेव्हा या पोरी पाळण्यात होत्या. एका माणसाला तिनं स्वतःच्या तोंडानं खरं सांगितलं, त्यासाठी गाणं लावलं नाही आणि खाली ओळ लिहिली नाही. याच्या जवळपास जाणारं काही मला त्या विटांच्या भिंतीखाली बसलेल्यांत दिसत नाही.

कापलेल्या दोन बाह्या टेबलावर पडून होत्या. रत्नानं घाबरत घाबरत मागितल्या. त्यांच्याकडं म्हणे नुसत्या बाह्याच मिळतात, आखूड कपड्याखाली हातात चढवायला. बाही वेगळी आणि अंग वेगळं, हे ऐकून मी कपाळाला हात लावला. तरी सुनंदाला निरोप पाठवून विचारलं. तिनं घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा वरच्या तोंडाला इलॅस्टिक घालून दिल्या. हंगाम संपला, धुराडं थंडावलं, कोप्या उठल्या आणि रत्नाही गेली.

परवाच्या त्या फोटोत, बांडुंगच्या कॉफीच्या दुकानात, तिच्या अंगात कुणाचातरी टाकून दिलेला ढगळा टी-शर्ट होता आणि मनगटापर्यंत हिरव्या जरीवरचे पोपट. डाव्या बाहीची शिलाई उसवत चाललीय, धागा लोंबतोय, ते तिला दिसत नाही. ग्लासाचा फोटो काढण्यात गुंतलीय. मी मृणालला म्हटलं, तिला कळव, दोन टाके घाल म्हणावं, जर तुमच्या देशात सुई मिळत असेल तर. मृणालनं कळवलं. उत्तरात एक हसणारं तोंड आलं.

आज सकाळी गारठा फार होता. कानटोप्या, स्वेटर, मफलर, सगळं गाव गुंडाळलेलं. ट्रॅक्टर गर्जत चालले होते आणि त्यांच्या कडेनं सुनंदा अंगणवाडीत निघाली होती, दंडापर्यंतच्या बाह्यांत. आता तिचे ब्लाऊज मीच शिवते. दुकानापुढं आल्यावर थांबली, आत बघितलं. मी कात्री खाली ठेवली आणि म्हटलं, "सुनंदा, शाल घे गं, थंडी लागंल."

"लागू द्या की, वहिनी," ती म्हणाली आणि पुढं गेली.